वाळवीनं न खाल्लेला कागद

द्वारके,

तू गेल्याचं कार्ड शनिवारी दुपारी आलं आणि सोमवारी मी शाळेत पाचवीचा भूगोल घेतला. जळगाव जामोदला निघण्यात अर्थ नव्हता. कार्ड माझ्या हातात पडलं तेव्हा सगळं आटोपून चार दिवस झाले होते. पण ही सबब मी पुढे करत नाही. तुझ्या तापाचं मला महिनाभर आधी कळलं होतं. लढाई संपली तरी हिवतापावरचं कोयनेल मिळत नाही, असं तुझ्या भाच्यानं लिहिलं होतं. मी दोन ओळींचं उत्तर टाकलं: काळजी घे, पोळ्याच्या सुट्टीत येते. पोळ्याच्या सुट्टीत येते असं मी तुला गेली बारा वर्षं लिहीत होते.

आपल्या ट्रेनिंगच्या वेळच्या बायका तुझ्यावर एक लहान पुस्तिका काढताहेत. जन्म, गाव, नोकरीची वर्षं हे त्यांनी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलंय. माझ्याकडे जिव्हाळ्याच्या आठवणी मागितल्या. तुझी सर्वांत जवळची मैत्रीण म्हणून. मी हो म्हटलं. या पानांवर त्यांना हवं ते थोडं आहे आणि नको ते बरंच आहे. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. गावाचं नाव मी देत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

अमरावतीला वसतिगृहात तुझी खाट माझ्या खाटेला लागून होती. पहिल्या आठवड्यात व्याकरणाच्या बाईंनी तुला उभं केलं आणि 'मले' नाही, 'मला' म्हणा, असं दहा वेळा म्हणायला लावलं. तू दहा वेळा म्हटलंस. मग शांतपणे म्हणालीस, "म्हटलं बाई. पन मला म्हटलं तं असं वाटते का दुसरीच कोनी बोलून राह्यली." वर्ग हसला, बाईही हसल्या. मी नाही हसले. मी खामगावची, घरात शुद्ध बोलायची सक्ती असलेली, आणि मला तुझी लाज वाटली. पुढे ती लाज गेली, पण पहिली वाटलेली गोष्ट लाज होती, हे तुला कधी सांगितलं नाही.

नंतर मी या गावच्या मुलींच्या शाळेची हेडमिस्ट्रेस झाले आणि तुला मागून घेतलं. दोन खोल्या, सात वर्ग, तीन शिक्षिका. सहावी आणि सातवी तुझ्याकडे. पहिल्या महिन्यातच माझ्या लक्षात आलं की तू बाजारातून हळद आणतेस ती चार वेगवेगळ्या पुड्यांत. एवढी हळद कशाला, असं विचारलं तर म्हणालीस, हळद एकच आहे, पुड्या चार आहेत. किराणा दुकानदारानं कुठल्यातरी जुन्या घरातली मोडी कागदांची रद्दी घेतली होती आणि त्यात तो सामान बांधून देत होता. तू त्याला सांगून ठेवलं होतंस की मला वर्तमानपत्रात बांधून देऊ नको. पुडी सोडायचीस, हळद डब्यात ओतायचीस आणि कागद झटकून मुलींपुढे ठेवायचीस. तुझ्या वर्गातले जुने कागद पिवळे होते त्याचं अर्धं कारण ते जुने होते आणि अर्धं हळद.

मला ते आवडायचं नाही, हे तुला ठाऊक होतं. आपली भांडणं मधल्या सुट्टीत, डबा खाताना व्हायची. मी म्हणायचे, परीक्षा पुस्तकावर होते. तू म्हणायचीस, पुस्तक ज्यानं लिहिलं त्यानं काय पाहून लिहिलं ते पोरींना एकदा तरी दिसू दे. मी म्हणायचे, ते पाहायला विद्वान असतात. तू म्हणायचीस, विद्वान पण कोणाची तरी पोरंच असतात. तुझ्या पहिल्याच वर्षी एका मुलीनं परीक्षेत 'अमुक राजाचा कारभार चांगला का म्हणतात' या प्रश्नाला 'कोण म्हणतात' एवढंच लिहिलं आणि शून्य घेऊन आली. मी तुला बोलावून पेपर दाखवला. तू पेपर वाचलास आणि हसू दाबण्यासाठी तोंडात पदर धरलास. मी त्या दिवशी तुझ्याशी बोलले नाही.

शेळीचा दिवस मात्र मीही विसरले नाही. वर्ग चालू असताना एक शेळी आत आली आणि भिंतीवरचा नकाशा खालून अर्धा खाऊन गेली. मी शेळीच्या मालकाला शोधायला निघाले. तू दार लावून घेतलंस आणि अकराही मुलींना पाट्या काढायला सांगितलंस: आत्ता काय झालं ते लिहा, एकमेकींचं पाहू नका. सातजणींची शेळी काळी होती, तिघींची करडी, आणि एकीनं दोन शेळ्या लिहिल्या. तू एकही पाटी पुसू दिली नाहीस. दुसऱ्या दिवशी त्याच पाट्यांवर तू तासभर बोललीस. दोन शेळ्या लिहिणारी दारापासून लांब बसली होती आणि तिला शेळी येताना एकदा, जाताना एकदा दिसली होती. ती खोटं बोलत नव्हती, हे मुलींनीच शोधून काढलं. मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. मनात म्हटलं, ही बाई माझ्यापेक्षा चांगली शिक्षिका आहे. हेसुद्धा तुला सांगायचं राहिलं.

आता जैतूनच्या कागदाबद्दल.

तू सहावीला सांगितलंस की आपल्या आजीपेक्षा जुना कागद घरात असेल तर विचारून आणा. बहुतेकींनी लग्नपत्रिका आणल्या, एकीनं जन्मपत्रिका. चांदभाईंच्या जैतूननं बांबूची नळी आणली. चांदभाई गावातले साधे शेतकरी, बारा एकर जमीन, बैलांची एक जोडी. उर्दू शाळा मुलांची होती, मुलींची नव्हती, म्हणून जैतून आपल्याकडे मराठीत शिकत होती, आणि वर्गात पहिली येत होती. तू तिच्याबद्दल मनाशी ठरवलं होतंस: सातवी झाली की तिला अमरावतीला ट्रेनिंगला धाडायचं. ती नळी त्यांच्या घरात आढ्याला खोचलेली असे. आत काय आहे ते तीन पिढ्यांत कुणी वाचलं नव्हतं, कारण घरात कुणाला मोडी येत नव्हती. जैतूनला येत होती. तू शिकवली होतीस.

तो महजर होता. साऱ्या गावानं मिळून साक्ष द्यावी आणि कागदावर उतरवून ठेवावी, तसला. इंग्रजी अंमल वऱ्हाडात यायच्या आधीचा. तू तो आठ दिवस पुरवून पुरवून वाचलास. आधी मजकूर वाचलाच नाहीस, खालच्या निशाण्या दाखवल्यास. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी आपापल्या कामाची खूण काढली होती. नांगर कुणब्याचा हे सगळ्यांना कळलं. हातोडा लोहाराचा. एक गोल होता, त्याला दांडी होती, तो काय ते कुणाला कळेना. शेवटी न्हाव्याची गंगू उठली आणि म्हणाली, "बाई, हा आमचा आरसा हाये." ती पोर त्या दिवसापर्यंत वर्गात कधी बोलली नव्हती. घरी जाऊन तिनं आजोबांना सांगितलं की आपल्या घरच्या माणसानं सही केलेला कागद शाळेत आहे, आणि म्हातारा दुसऱ्या दिवशी शाळेच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला. तू त्याला आत बोलावून ती खूण दाखवलीस. त्यानं तिला बोट लावलं नाही. नुसतं पाहिलं आणि गेला.

मग मजकूर. एका वर्षी ढोरांचा रोग आला आणि गावातली जनावरं मेली. पेरणीला बैल उरले ते एकाच घरी, चांदभाईंच्या पणजोबाच्या घरी. त्यानं त्या एका जोडीनं, स्वतःचं शेत मागे ठेवून, साऱ्या गावाचं पेरून दिलं. दोन्ही बैल त्यातच बसले, ते पुन्हा उठले नाहीत. म्हणून गावानं ठरवलं की पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी जाईल ती या घराची, वंशपरंपरा, पाटलाची त्यामागून.

आणि आपण सगळे दर पोळ्याला पाहत होतो की पहिली जोडी पाटलाची जाते आणि चांदभाईंचे बैल शेवटच्या रांगेत, कुंभारांच्या मागे उभे असतात.

तू तिथे थांबली असतीस तरी चाललं असतं. पण तू थांबणारी नव्हतीस. या कागदावर कुणाची निशाणी नाही ते पाहा, असं तू मुलींना सांगितलंस. त्यांनी शोधलं. पाटलांची नव्हती. मग याचा अर्थ काय, यावर वर्ग दोन दिवस भांडला. एक बाजू म्हणाली पाटलांना कबूल नव्हतं, म्हणजे ठराव खरा नाही. दुसरी म्हणाली बाकी साऱ्यांना कबूल होतं, म्हणजे खरा. तू निकाल दिला नाहीस. तू म्हणालीस, दोन्ही लिहून ठेवा.

मुली गप्प बसणार नव्हत्या. विहिरीवर, गोठ्यात, चुलीपाशी ते बोलणं गेलं. चौथीतल्या पाटलांच्या नातीला कुणीतरी विचारलं, तुमचे बैल पुढे काऊन जातात? ती रडत घरी गेली. त्याच सुमाराला तुझ्या आईला पक्षाघात झाल्याचा निरोप आला आणि तू आठ दिवसांची रजा टाकून वरवट बकालला गेलीस. कपाटाची किल्ली माझ्याकडे दिलीस.

तिसऱ्या दिवशी पाटलांनी मला बोलावलं. ते आपल्या शाळा कमिटीचे अध्यक्ष होते. शाळेच्या तिसऱ्या खोलीसाठी जागा तेच देणार होते. हे तुला माहीत होतं. काय बोलणं झालं ते मात्र तुला कधीच कळलं नाही, म्हणून आज सांगते. त्यांनी धमकी दिली नाही. चहा दिला. म्हणाले, बाई, मानावरून शेजारच्या गावात डोकी फुटलेली तुम्ही ऐकली असतील. इथे तर हिंदू-मुसलमान आहे. पोळा पंधरा दिवसांवर आला. तो कागद मला एकदा पाहू द्या, मी परत करतो. तिसऱ्या खोलीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. ते बोलायची गरज नव्हती.

मी शाळेत आले, कपाट उघडलं, नळी पिशवीत घातली आणि स्वतः नेऊन दिली. कुणाच्या हाती पाठवली नाही. कागद परत आला नाही. मी मागितलाही नाही.

तो कागद देणं चूक होतं का, यावर मी अजून तुझ्याशी भांडेन. गावात मारामारी झाली असती तर पहिली काठी चांदभाईंच्या दारावर पडली असती, तुझ्या नाही, माझ्या नाही. तू तसला कागद वर्गात उघडण्याआधी ज्याच्या घरचा तो होता त्याला विचारलं नव्हतंस. जैतूनला 'विचारून आणा' म्हटलंस, आणि तिनं विचारलं असेल असं धरून चाललीस. या मुद्द्यावर मी आजही मागे हटत नाही. पण हा मुद्दा मी तुझ्यापुढे मांडायला हवा होता, तुझ्या तोंडावर, डबा खाताना. मी तसं केलं नाही.

तू परत आलीस तेव्हा तुझ्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. आई तीन दिवसांपूर्वी गेली होती. मी तुला बसवलं, पाणी दिलं आणि म्हटलं, द्वारके, कपाटात वाळवी लागली होती, जैतूनचा कागद खाल्ला, बाकीच्यांना लागू नये म्हणून नळीसकट मी जाळून टाकला.

तू उठून कपाट उघडलंस. तुझे हळदीचे कागद वरच्या फळीवर जसेच्या तसे होते. तू फळीवरून बोट फिरवलंस. मातीचा कण नव्हता. म्हणालीस, "एकच कागद खाल्ला व्हय?" मी चिडले. चिडणं सोपं होतं. मी म्हटलं, मग काय मी खोटं बोलते आहे? तू लगेच माझ्याकडे वळलीस. "नाही वं सरू. तू कायले खोटं बोलशील?"

सरकारी कागद, बखरी, पुस्तकं, कुणाच्याही शब्दावर तू तोलून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवत नव्हतीस. माझ्यावर ठेवलास. की ठेवला नाहीस आणि मला वाचवलंस? मी बारा वर्षं हे दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिलं आहे. पहिलं खरं असेल तर मी तुला फसवलं. दुसरं खरं असेल तर तू मला बोलायची संधी देऊन ठेवली होतीस आणि मी ती घेतली नाही.

पोळा शांततेत पार पडला. पाटलांची जोडी पहिली गेली. पुढच्या आठवड्यात चांदभाईंनी जैतूनचं नाव शाळेतून काढलं. तू दोनदा त्यांच्याकडे गेलीस. काय झालं ते तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. वर्ष संपलं आणि तू बदलीचा अर्ज केलास, कारण लिहिलंस 'घरगुती'. जळगाव जामोदला जाताना मी तुला मोटारीपर्यंत पोचवायला आले. मोटार सुटेपर्यंत अर्धा तास होता. तू सहावीच्या मुलींबद्दल बोलत राहिलीस, कुणाची मोडी कच्ची आहे, कुणाला पुढे बसवावं. मी हो हो म्हणत राहिले. तिसरी खोली पुढच्या वर्षी बांधून झाली. हे मी त्याच खोलीत बसून लिहिते आहे.

कार्ड आलं त्याच्या चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी चांदभाईंच्या घरी गेले. ते आता ओट्यावरच असतात, डोळ्यांत फूल पडलंय. आवाजावरून ओळखलं त्यांनी. मी म्हटलं, द्वारकाबाई गेल्या. ते म्हणाले, अल्ला. जैतून बापाच्या आजारपणाला म्हणून चिखलीहून आली होती. ती दारात येऊन उभी राहिली, कडेवर मूल.

मी लांबण लावली नाही. जे वर लिहिलंय ते सांगितलं. कागद वाळवीनं खाल्ला नाही, मी जाळला नाही, पाटलांना नेऊन दिला.

चांदभाई म्हणाले, "मले मालूम हाये."

मग त्यांनी सांगितलं. ज्या दिवशी मी कागद दिला त्याच दिवशी दुपारी पाटलांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. "म्या म्हटलं वाच. त्यानं पुरा वाचला, काही सोडलं नाही. मंग म्हने, चांदभाई, काय करू? म्या म्हटलं, ठेव तुह्यापाशी. माहे बैल तोरनातून पह्यले गेले असते तं एक दिवस गेले असते, बाई. बाकी सारं साल मले तं त्याच्याच बांधावरून वावरात जा लागते."

मी विचारलं, मग द्वारका आली तेव्हा?

"आली ना. अठीच बसली होती, तुमी बसल्या तठी. म्हने, चांदभाई, तुमचा कागद माह्या हातून गेला, मले माफ करा. रडली नाही, पन लय खालच्या आवाजात बोले. मले तं मालूम होतं कागद कोठी हाये. म्या बोललो नाही." मग म्हणाले, "दुसऱ्यांदा आली तं नक्कल घेऊन आली."

तुझ्या नकलेचं मला काहीच माहीत नव्हतं. जैतूननं मूल खाली ठेवलं, आत गेली आणि पत्र्याच्या डब्यातून घडी केलेला कागद आणला. वर्गात वाचताना तू उतरवून घेतला असशील. सगळ्या निशाण्या तू जशाच्या तशा काढल्या होत्यास, आरसासुद्धा. आणि शेवटी बाळबोध लिपीत, तुझ्या त्या सरळ अक्षरात, लिहिलं होतंस: मूळ कागद शाळेत माझ्या निष्काळजीपणामुळे नष्ट झाला. खाली तुझी पूर्ण सही आणि तारीख.

मी पुष्कळ रडक्या गोष्टी कोरड्या डोळ्यांनी पाहिल्यात आणि ते वाचतानाही माझे डोळे कोरडेच होते. पण मला ते पुरतं कळलं. अक्षर तुझं, सही खरी, तारीख खरी. पन्नास वर्षांनी तुझ्यासारखी कुणी बाई हा कागद मुलींपुढे ठेवील, तो सगळ्या बाजूंनी तपासील, आणि त्याला खोटं ठरवायला तिच्याजवळ काहीही नसेल. जी गोष्ट तू केली नाहीस ती तुझ्याच हातानं लिहिलेली राहील. त्या वेळी गावात तिघांना ठाऊक होतं कागद कुठे आहे: पाटलांना, चांदभाईंना आणि मला. ज्या एकीला ठाऊक नव्हतं तिनं माफी मागितली.

जैतून उंबऱ्याशी टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "मले तं वाटे, म्या नळी न विचारता नेली म्हणून शाळा सुटली." बापानं मान खाली घातली. म्हणाले, रस्त्यानं जो तो पोरीला हटकायचा, तुमचे बैल कधी जातात पुढे म्हणून, मी घाबरलो. जैतूननं त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "मंग बाईले कोनी सांगतलं का? मागून तरी?"

नाही, मी म्हटलं. कोणीच नाही.

तिनं रागानं काही बोलायला हवं होतं. तुझी ती हुशार मुलगी, जी आज अमरावतीहून शिकून येऊन माझ्या शाळेत तुझ्या जागी असती, तिनं मला चहा विचारला.

मी दौत-टाक मागवलं. तुझी शेवटची ओळ खोडायला टाक टेकवला तर जैतूननं कागद ओढून घेतला. "खोडू नका. बाईचं अक्षर हाये. खाली लिहा." मी खाली लिहिलं. वरची ओळ खरी नाही. द्वारकेनं कागद हरवला नाही. तो तिच्या गैरहजेरीत मी कपाटातून काढून दुसऱ्याच्या हवाली केला आणि तिला खोटं सांगितलं. सही केली. बरं वाटलं, हे कबूल करते. सुटका झाल्यासारखं वाटलं.

जैतूननं बापाला मोठ्यानं वाचून दाखवलं. मधेच थांबली. "दुसऱ्याच्या म्हंजे कोनाच्या, बाई?"

"राहू दे वं," चांदभाई म्हणाले. पोळा अठरा दिवसांवर आहे. पाटील थकलेत, पण आहेत, आणि बांध तिथेच आहे. चांदभाईंना माझ्यामुळे पुन्हा काही सोसावं लागू नये, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण टाक हातात धरून बसले असताना मला हेही दिसत होतं की बारा वर्षांपूर्वी मी अगदी असाच विचार केला होता, अगदी अशीच दुसऱ्याची काळजी पुढे करून.

मी चांदभाईंना म्हटलं, कागद तुमचा आहे, मी विचारल्याशिवाय लिहिणार नाही. नाव लिहू का?

ओट्याखाली जैतूनचं मूल मातीत रेघोट्या काढत होतं. शेवटी त्यांनी मलाच विचारलं, "त्या बाईनं काय केलं असतं?"

मी सांगितलं, तिनं लिहिलं असतं. पण आधी तुम्हाला विचारलं असतं का, ते मला सांगता येत नाही.

ते हसले, द्वारके. "नसतं विचारलं," म्हणाले. "लिहा."

मी 'दुसऱ्याच्या' शब्दावर काट मारली आणि नाव लिहिलं, हुद्द्यासकट. जैतूननं कागद उन्हात धरला, शाई वाळेपर्यंत. मग घडी न करता तसाच आत नेला.